काकीच्या आढ्यावरचा भोपळा

आधी नाव सांगतो, मग काय घडलं ते. अनसूयाकाकी. अलिबागजवळच्या थळच्या पुढे समुद्राकडे जाणारा रस्ता दोन वाड्यांच्या मधून वळतो, तिथे डाव्या हाताला तिचं घर. अंकात तुझं नाव घालू का, असं फोनवर विचारलं तेव्हा म्हणाली, "घाल की. पण आडनाव नको रं. लोकं म्हंतील म्हातारीचं नाव छापून आलं, काय केलंन हिनं?" म्हणून आडनाव घालत नाही.

मी आज ज्या स्वयंपाकघरात उभा आहे तिथे मला काकीने उभं ठेवलंय. तिला हे मान्य नाही. "मी काय केला? भोपला दिला," एवढंच म्हणते. त्या भोपळ्याबद्दलच लिहितो आहे.

मी यवतमाळकडचा. पुसदच्या पुढे आमचं गाव. सातवीत शाळा सुटली आणि नंतर पेन हातात धरायची वेळ फारशी आली नाही, त्यामुळे या अंकात लिही असा संपादकांचा निरोप आला तेव्हा घाबरलो. माझ्या हातून काहीतरी चुकणार, ही धास्ती मला जन्माचीच आहे. कुकरचं झाकण लावलं तरी दोनदा परत जाऊन बघतो. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

रस्त्याला डांबर घालणाऱ्या टोळीबरोबर मी या किनाऱ्यावर आलो. टोळी पुढे गेली, मी तापाने मागे राहिलो, आणि लीनाताईंनी त्यांच्या पाहुणघरात कांदे सोलायला ठेवून घेतलं. कांदे सोलणारा माणूस आचारी कसा होतो ते सांगत बसत नाही. समोरचा आचारी सोडून जातो आणि पाहुणे जेवायला बसलेले असतात, असाच होतो.

पाहुणे मुंबईचे. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरतात, तिथून रिक्षाने आमच्याकडे. पहिल्या दिवशी त्यांना मासे हवे असतात. दुसऱ्या दिवशीही मासे. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यालाच कुणीतरी विचारतं, "भैया, आज कुछ अलग मिलेगा?" मी भैया नाही, मराठी आहे, हे आता सांगायचं सोडून दिलंय. पण ते 'कुछ अलग' म्हणजे माझा धंदा. लाल भोपळा भरलेला पास्ता. त्याचं खरं नाव तोर्तेल्ली.

ज्यांनी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदा आणि अंडी यांचं घट्ट पीठ मळायचं, ओल्या फडक्याखाली निवांत झोपू द्यायचं. मग लाटायचं. किती पातळ, तर पोळीखाली हात धरला की तळहाताच्या रेषा दिसल्या पाहिजेत. त्यावर भोपळ्याचं सारण ठेवायचं, सुपारीएवढं. दुसरी पोळी पांघरायची, बोटाने दाबत दाबत आतली हवा बाहेर काढायची, चौकोन कापायचे. हवा राहिली तर उकळत्या पाण्यात फुगतो आणि फुटतो. फुटला की सारण पाण्यात, आणि पाहुण्याच्या ताटात नुसती ओली चिंधी. सगळं नीट झालं तर वरून लोणी, किसलेलं चीज, आणि गरम गरम वाढायचं. थांबला की गेला.

पाहुणे त्याला आपापली नावं देतात. एक काका म्हणाले, "ही तर उकडलेली करंजी." कॉलेजची पोरं आली की मोमो म्हणतात आणि लाल चटणी मागतात. एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मुलाला भोपळा आवडत नाही, त्याला सांगू नका हं," आणि थोड्या वेळाने त्याच मुलाने येऊन विचारलं, "काका, यात भोपळा आहे ना? आईला सांगू नका, ती मला रोज करून घालेल." दोघांनाही मी शब्द दिला आणि दोघांशीही पाळला. एक गृहस्थ दर वर्षी येतात, दर वर्षी पहिला घास घेऊन म्हणतात, "गेल्या वर्षी जास्त चांगलं झालं होतं." पहिल्या वर्षीसुद्धा म्हणाले होते.

हे मला शिकवलं मार्ताबाईंनी. इटलीच्या उत्तरेकडच्या, सत्तरीच्या पुढच्या. हिवाळा सुरू झाला की यायच्या आणि होळीपर्यंत कोपऱ्यातल्या खोलीत राहायच्या. त्यांचं गाव समुद्रापासून लांब, सपाट मुलखात. तिकडेही भातशेती आहे आणि सकाळी धुकं पडतं, असं त्या सांगायच्या. माझंही गाव समुद्रापासून लांब. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या हाताला हात लावला. त्यांची हिंदी तुटकी, माझी इंग्रजी त्याहून तुटकी. आमचं बोलणं हातांनीच चालायचं.

नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्या गावात घरोघर हेच करतात. आई करायची, मग बहीण करायची. आता दोघी नाहीत. तेव्हा एका वर्षी त्यांच्या मनात आलं की इथेच, आपल्या टेबलावर, सगळ्या पाहुण्यांना आपल्या घरचं जेवण घालायचं. हात दुखतात म्हणून लाटणं त्यांच्याने होणार नव्हतं. लाटायचं मी.

नेमकं तेव्हाच लीनाताईंनी मला बोलावून घेतलं. ताई स्पष्ट बोलतात, त्याचं मला वाईट वाटत नाही.

"गजानन, नव्या वर्षापासून मुंबईहून शिकलेला शेफ आणायचा विचार आहे. पाहुणे आता सगळं मागतात. तुला मी काढत नाहीये. पण तो आपली माणसं घेऊन येईल, हेही खरं."

मी मान हलवली.

"या नाताळचं जेवण तू नीट करून दाखवलंस तर मी शेफला नको म्हणून सांगते. मग हे स्वयंपाकघर तुझं."

ताईंचं काही चुकत नव्हतं. पण माझी अडचण वेगळी होती. संक्रांतीनंतर माझी माय यायची होती. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला. स्वयंपाकघरामागची खोली मायसाठी द्यायचं ताईंनी कबूल केलं होतं. स्वयंपाकघर गेलं की खोली गेली, खोली गेली की मायचं येणं गेलं. ती गावात सगळ्यांना सांगून बसली होती. मी परत डांबराच्या टोळीत गेलो असतो तर तिला कुठे ठेवणार होतो, रोलरवर?

म्हणून त्या भोपळ्याकडे मी जेवढ्या भीतीने बघितलं तेवढ्या भीतीने कुणी वाघाकडेही बघत नसेल.

पहिली चूक मी इथल्या कुणीही केली असती तीच केली. भोपळ्याच्या फोडी कुकरला लावल्या, तीन शिट्ट्या दिल्या. मार्ताबाई शिट्टीच्या आवाजाने धावत आल्या. शिजलेला भोपळा त्यांनी चमच्यात घेतला आणि चमचा उलटा धरला. सारण चमच्याला चिकटून राहायला हवं होतं; माझं घरंगळून ओट्यावर पडलं. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांखाली बोटं फिरवून दाखवलं. रडतो आहे, म्हणाल्या. भोपळा रडतो आहे.

मग सालासकट मोठ्या फोडी भट्टीत भाजल्या. बरं झालं, पण पुरेसं नाही. बाजारातला भोपळा कोवळा, ट्रकने आलेला, पोटात पाणी. फडक्यात बांधून टांगला, रात्रभर पाणी गळलं, तरी सकाळी ओलाच. पहिलं ताट तयार केलं तेव्हा दिसायला सुरेख दिसलं. मला वाटलं, जिंकलो. पण समुद्रावरची हवा, वर भोपळ्याचा ओलावा. पाणी उकळेपर्यंत सगळ्यांची बुडं ताटाला चिकटली. एकेक उचलायला गेलो तर वरचं हातात आणि खालचं ताटात. सगळं ताट तसंच. सारण घट्ट व्हावं म्हणून मी पावाचा चुरा घातला. मार्ताबाईंनी चाखलं आणि सभ्यपणे रुमालात काढून ठेवलं.

दुपारी मायला फोन लावला. मायला मी कधी अडचण सांगत नाही, तीच ओळखते.

"काय झालं रे? आवाज पडला तुह्या."

"काही नाही माय. कोहळं पाणी सोडते." आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. इथे तसं मागितलं की भलतंच हातात देतात, पण मायशी बोलताना तोंडात तेच येतं.

"नवं घेतलं असशीन. देठ पाहिलं काय? देठ वाळलेलं पाहिजे, लाकडासारखं. आपल्या घरी कडब्यावर ठेवत होतो की नाही पार होळीपर्यंत? तसं जुनं पाह्य."

"इथं कुठं भेटते जुनं?"

"का, तिथं लोकं घरं करून राहत नाहीत काय?"

माय सहज बोलून गेली, आणि मला काकीचं आढं आठवलं.

इथे थोडं मागे जावं लागेल. काकीची आणि माझी ओळखच भोपळ्याने झाली. मी नवा होतो, कुंपणाशी भांडी घासत होतो. पलीकडून हाक आली, "ए पोरा, मरद हायस ना?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "आहे."

"मग ये हिकडं. सुरी लाव."

इकडे बाईमाणूस अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी चालवत नाही. पुरुषाने एकदा टोक लावलं, फाक पाडली की मग बायका हवा तसा चिरतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्याही असं पाळतात, म्हणून मला नवल वाटलं नाही. काकीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा संतोष बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी. त्यामुळे गोठ्यामागच्या उकिरड्यावरच्या वेलाला भोपळे लागायचे, काकी ते केळीच्या सोपटाने बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायची, आणि कापायला माणूस नाही म्हणून ते टांगलेलेच राहायचे. शेजारच्या पुरुषांना बोलवायची तिला लाज वाटे. "ते येतात, सुरी लावतात, नि तासभर बसून च्या पितात," म्हणायची. मी सुरी लावून लगेच कामावर पळायचो, म्हणून मी बरा. प्रत्येक वेळी अर्धा भोपळा माझ्या हातात द्यायची. सातवी शिकलेल्या माणसाला या किनाऱ्यावर मिळालेलं ते पहिलं मानाचं काम.

चक्रीवादळात तिच्या घराचं पुढचं छप्पर उडालं, तिथे पत्रे आले. चुलीवरचं कौलारू तेवढं राहिलं, आणि आढंही.

तर मी गेलो. वर बघितलं. एकच भोपळा उरला होता. धुराने साल काळपट झालेली, देठ लाकडासारखा. मागितला नाही, कारण तो कुणाचा आहे ते मला माहीत होतं. संतोष वर्षअखेरीला येणार होता आणि त्याला भोपळ्याचे घारगे लागतात. बोटीवरून फोन आला की तो आधी विचारायचा, "आये, भोपला हाय ना?" काकी त्या एका भोपळ्याखाली जेवण करायची आणि अधूनमधून मान वर करून बघायची.

मी पायरीवर बसून राहिलो.

"काय रं? तोंड का असा? कोन मेला?"

"कुणी नाही काकी. बसलो असाच."

"कामाच्या टायमाला असाच बसनारा तू न्हायस. सांग."

सांगितलं. शेफचं, मायच्या खोलीचं, रडणाऱ्या भोपळ्याचं. ती ऐकता ऐकता उठली, कोपऱ्यातली आकडीची काठी घेतली.

"काकी, नको. तो संतोषचा आहे."

"संत्या काय भोपल्यावर जगतो? बोटीवर त्याला कोंबडी देतात रोज."

"तो येईल तेव्हा काय करशील?"

"तवाचं तवा. धर खालून, डोक्यात पडंल."

मी हात वर केले नाहीत. तिने आकडी तशीच धरून ठेवली.

"हे बघ गजा. मी बाई, मी कापला तर पाप मला. तू मरद, तू नाय कापलास तर आई तुजी घरीच राहील. कोनाची आई कुटं जायाची ऱ्हावली तर मला न्हाय आवडनार. धर."

मी धरला. अंगणात पाट ठेवून सुरी लावली. साल इतकी कडक की सुरी आत जाईना, वरून वरवंटा मारावा लागला. फाक झाली आणि आतून केशरी नाही, जवळजवळ तांबडा रंग दिसला. पाण्याचा टिपूस नाही. बिया सुट्ट्या झालेल्या. वास आला तो थेट आमच्या गावच्या कोठ्याचा, म्हणजे गोठ्याचा. कडबा, धूर, आणि गोडसर काहीतरी. मी फाक नाकाशी धरली. गाव सोडल्यापासून इतक्या जवळ गेलो नव्हतो गावाच्या.

"बिया माज्या," काकी म्हणाली आणि पदरात घेऊन आत गेली.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी ती न बोलावता आमच्या स्वयंपाकघरात आली. भोपळा कुठे गेला ते बघायला, म्हणाली. मी पीठ मळत होतो, अंडी फोडलेली बाजूला. तिने सगळं बघितलं, हात धुतले, आणि मार्ताबाईंच्या शेजारी उभी राहिली. नमुन्यादाखल भरलेला एक चौकोन उचलून उलटासुलटा केला.

"ह्या तर करंज्या. पन कडा अशी दाबतात व्हय? उघडंल ही."

तिने बोट पाण्यात बुडवलं, कडेवरून फिरवलं आणि दाबत गेली. मार्ताबाईंनी बघितलं, मान डोलावली आणि आपलं बोटही पाण्यात बुडवलं. मग काकीने माझं ताट बघितलं, खाली मैदा भुरभुरलेला.

"मैदा नको खाली, त्याची चिकट खल होते. तांदलाची पिठी घाल. आमी मोदकाला घालतो."

घातली. चिकटायचं थांबलं. एवढ्यासाठी मी आठवडाभर झोपलो नव्हतो.

दोघींची भाषा एक नाही, पण गप्पा चालू. मध्ये मी.

"हिला इचार, आई हाय का हिची?"

विचारलं. मार्ताबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"माजी पन न्हाय. इचार, हे करताना आठवते का?"

हे मला इंग्रजीत नीट विचारता आलं नाही, पण 'मामा' म्हटल्यावर त्यांना समजलं. त्या सारणाची एकेक गोळी ठेवत राहिल्या.

काकी माझ्याकडे वळली. "मग तू हलू लाट. तुजी पन जित्ती असून लांब हाय. आई आठवली का लाटनं दाबतं नि पोली फाटते." मी मान खाली घालून लाटत राहिलो. खरंच हात जड झाला होता.

सारणात मार्ताबाईंच्या गावी कडू बदामाची बिस्किटं घालतात. आम्ही अलिबागची नानकटाई चुरून घातली. शिवाय फळांचं मोहरी लावलेलं लोणचंही घालतात. काकीने घरून मोहरी फेसून घातलेलं लिंबाचं गोड लोणचं आणलं, त्यातलं चमचाभर गेलं. जायफळ सगळीकडे एकच. चमचा उलटा धरला. सारण हललं नाही. मार्ताबाई हसल्या आणि चमचा काकीच्या नाकासमोर नेऊन पुन्हा उलटा धरला. काकी म्हणाली, "हिला काय झालं?"

दिवस मावळताना पाहुणे टेबलावर बसले. पाणी उकळलं. मी मीठ टाकलं आणि पहिला घाणा सोडला. तळाशी गेले, आणि एकेक वर यायला लागले. मी झारा धरून मोजत राहिलो. एक फुटला. तो झाऱ्याने काढून मी पटकन तोंडात टाकला. जीभ भाजली, पण पुरावा राहिला नाही. बाकीचे सगळे अख्खे. लोणी ओतलं, ताटल्या बाहेर गेल्या.

मी दाराच्या फटीतून बघत होतो. मार्ताबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "मीठ थोडं कमी." मी मिठाचा डबा उचलला. पण त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मान खाली घालून ताटली पुसून खाल्ली आणि रिकामी ताटली उचलून दाराकडे धरली. आणखी हवं होतं. शेजारचे पाहुणे त्यांच्याशी बोलत होते, त्यांना ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी त्या आमच्याकडे नव्हत्याच. धुक्यातल्या त्या गावात होत्या.

लीनाताई आत आल्या. माझ्याकडे बघितलं, गॅसकडे बघितलं.

"गजानन, उद्यापासून बाजार तूच करायचा. मला मधे घेऊ नकोस," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. शेफचा विषय तिथे संपला.

मी एक ताटली भरली, वर सगळ्यांत जास्त लोणी घातलं, आणि काकीसमोर धरली. तिने वास घेतला.

"वास चांगला हाय रं."

"खा ना."

"अंडं हाय ना त्यात?" म्हणाली. "मार्गशीर्ष हाय."

त्या वर्षी नाताळ मार्गशीर्षात आला होता. इकडे बहुतेक घरांत तो महिनाभर मासळी-अंड्याला शिवत नाहीत. गुरुवारी घट मांडतात. दुपारी मी अंडी फोडली ते तिने बघितलं होतं. आपल्याला एक घाससुद्धा मिळणार नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं. तरी तिन्हीसांजेपर्यंत उभी राहून तिने कडा दाबल्या, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाही, नाहीतर मी हातपाय गाळून बसलो असतो हे तिला ठाऊक होतं. मी ताटली धरून तसाच उभा.

"रडतोस काय भोपल्यासारखा?" म्हणाली. "आईला फोन लाव आधी." हात पुसले आणि घरी गेली. तिच्याकडे भात व्हायचा होता.

संतोष चार दिवसांनी आला. मी तिथेच होतो, त्याची बॅग उतरवून घेत होतो. त्याने चहा घ्यायच्या आधी वर बघितलं.

"आये, भोपला?"

"उंदरानं खाल्ला."

"आख्खा?"

"मोठे उंदीर हायेत," काकी म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता, "यवतमालचे."

संतोषने माझ्याकडे बघितलं, मग हसायला लागला. मी बाजारातून भोपळा आणून दिला. घारगे झाले. त्याने खाल्ले, चांगले आहेत म्हणाला. चांगले नव्हते. पाणी होतं त्यात.

माय आली. समुद्र बघून म्हणाली, "एवढं पाणी, अन् प्याच्या कामाचं नाही." काकीच्या पायरीवर दोघी दुपारभर बसायच्या. एकीचं 'तुह्यं', एकीचं 'तुजं', निम्मं समजायचं नाही आणि दोघी एकमेकींना हो हो म्हणायच्या. पंधरवड्यात मायला गावाची ओढ लागली. गाडीत बसवताना म्हणाली, "तुह्यी ती काकी आहे म्हणून जाते निवांत." आता तिला प्रवास झेपत नाही. मीही हंगाम सोडून जाऊ शकत नाही. पोळ्याला जाईन म्हणतो, पोळा जातो.

मार्ताबाईंचे गुडघे गेले, त्या येत नाहीत. ताईंच्या फोनवर कधीकधी चेहरा दिसतो. मला बघून रिकामा चमचा उलटा धरतात.

आणि काकीसुद्धा नाही तिथे. संतोषला बंदरात जमिनीवरची नोकरी लागली, त्याने उलव्याला घर घेतलं आणि आईला घेऊन गेला. चांगलंच केलं, म्हातारीने एकटीने किती दिवस राहायचं. घराला कुलूप आहे. गोठ्यामागे वेल आपोआप येतो, भोपळे लागतात, मी ते आणून आमच्या भांडारात टांगतो. तेवढे पुरतात मला हंगामभर. पण कुंपणाशी उभा राहिलो की कान तिकडे जातो. हाक येत नाही.

फोन करते. "हिकडं सगला हाय रं. लिफ्ट हाय, नलाला पानी हाय. आढा न्हाय." मग म्हणते, "पोट भरतो ना तू? का दुसऱ्यांनाच वाढतो?"

गेली दोन वर्षं मी एका गोष्टीच्या मागे आहे. अंड्याशिवायचं पीठ. बारीक रवा आणि कोमट पाणी, थोडं तेल. सुरुवातीला चपलेचा तळवा व्हायचा. मग लक्षात आलं की पाणी कमी घालायचं आणि खूप वेळ मळायचं, हात दुखले की तितकंच पुन्हा. आता जमतं. ताईंनी ते फळ्यावरही लिहिलंय, अंडं न खाणाऱ्यांसाठी म्हणून. गुजराती पाहुणे वाखाणतात. त्यांना वाटतं त्यांच्यासाठीच केलंय. वाटू दे.

पण हा पदार्थ डब्यातून नेता येत नाही. पाण्यातून काढला की ताटात, नाहीतर त्याचा लगदा. म्हणजे तो तिच्या गॅसवर, तिच्या पातेल्यातच उकळायला हवा. थळहून उलवं काही परदेशात नाही, हे मलाही कळतं. पण जायचं ते मार्गशीर्षातच, कारण तिचा घास मार्गशीर्षातच राहिला होता; आणि मार्गशीर्ष म्हणजे आमचा ऐन हंगाम, एक दिवस मागायला म्हणून ताईंच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो. ती सुट्टी मागायची हिंमत मला अजून आलेली नाही. येईल.

काकी, हे तुला संतोष वाचून दाखवेल. एका मार्गशीर्षात मी नक्की येणार आहे. रवा मी आणीन, लोणी मी आणीन, लाटणंही माझं. अंड्याचा थेंब नसेल. तू खुर्चीवर बसायचं, कडेला बोट लावायचं नाही, आणि पहिली ताटली तुझी. कुठल्या दिवशी ते आधी कळवीन. तू फक्त त्या दिवशी कुणाच्या हळदीकुंकवाला जाऊ नकोस.